पत्र रंगाचं आलंय, पण काम काचेचं आहे

खानापूर तालुक्यातल्या एका भावांनी विचारलंय. त्यांच्याकडे पाच वर्षांची पांढरी व्हॅन आहे, दोन वर्षांपूर्वी गडहिंग्लजच्या एका गृहस्थांकडून घेतलेली. रात्री भाजी भरून चोर्ला घाटाने गोव्याला जाते, रविवारी घरच्यांना घेऊन फिरते. कंपनीचं रिकॉलचं, म्हणजे दोष असलेली गाडी परत बोलावण्याचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलं, त्यांनी फोटो काढून पाठवला. पत्रात असं आहे की पुढच्या काचेच्या चौकटीवर रंगाचे थर एकमेकांना नीट धरून नसण्याची शक्यता आहे, तेव्हा गाडी तपासायला आणा. स्टँडवर सगळे म्हणतात, "रंगच की गा, चार हजारात मारून घे, शोरूमला तीन दिवस गाडी कोण लावतंय?" भावांना तीन गोष्टी हव्यात: जायलाच पाहिजे का, ओळखीच्या पेंटरकडून केलं तर चालेल का, आणि दुसऱ्या मालकाला हे फुकट होतं का. शेवटी जाता जाता त्यांनी एक वाक्य लिहिलंय, की साठच्या पुढे गेलं की वरच्या डाव्या कोपऱ्यातून बारीक शिट्टी वाजते. अख्ख्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी त्या वाक्याची वाटते.

मी बेळगावच्या उद्यमबागेत सत्तावीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग आणि काच बसवायचं काम करतोय. उत्तर आधी देतो, कारण नंतर सांगतो. भाऊ, जा. याच आठवड्यात जा. आणि तोपर्यंत त्या काचेच्या कडेला कोणालाही हात लावू देऊ नका, तुमच्या पेंटरलाही नाही आणि मलाही नाही.

नुसता रंग उडतो म्हणून कुठली कंपनी सहसा रिकॉल काढत नाही. बॉनेटचा रंग उडाला, छतावर पापुद्रे आले, तर ते वॉरंटीत बसतं नाहीतर मालकाच्या खिशातून जातं. टोयोटाने अमेरिकेत काही पांढऱ्या रंगांच्या गाड्यांबद्दल ग्राहकांना कळवलं होतं, की उन्हाने कारखान्यातला प्रायमरचा थर आणि पत्र्यावरचा सगळ्यात खालचा थर यांच्यातली पकड कमी होऊन रंग सुटू शकतो. त्यावर त्यांनी रंगाची हमी वाढवून दिली. तो सुरक्षेचा रिकॉल नव्हता, कारण बॉनेटचा रंग गेल्याने कोणाचा जीव जात नाही. तुमच्या पत्रात 'रंग' आणि 'रिकॉल' हे दोन शब्द एकत्र आलेत, आणि त्यांच्या मध्ये काच आहे.

जुन्या मॅटाडोरची काच रबरात बसायची. रबराच्या एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत पत्र्याची कड, सुतळी ओढून रबर चढवायचं. तिथे रंगाचा काही संबंध नव्हता. आजच्या गाडीत रबर दिसतं ते नुसतं शोभेचं. काच खरी धरून ठेवते ती पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेनच्या चिकटवणाची जाड दोरी. ती चौकटीभोवती सलग फिरवतात आणि काच तिच्यावर दाबून बसवतात. पण ती दोरी पत्र्याला चिकटलेली नसते, रंगाला चिकटलेली असते. म्हणजे काच पीयूला धरून, पीयू रंगाला धरून, रंग प्रायमरला धरून आणि प्रायमर पत्र्याला धरून. यातला एक जरी हात सुटला तरी बाकीच्यांनी कितीही घट्ट धरून उपयोग नाही.

आता रंग म्हणजे काय ते बघा. कारखान्यात उघडी बॉडी आधी धुऊन तिच्यावर फॉस्फेटचा थर देतात. मग ती अख्खी टाकीत बुडवून वीज सोडतात, त्या विजेने प्रायमर कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसतो. त्याला आम्ही ईडी म्हणतो. हा एपॉक्सीचा राखाडी थर साधारण 20 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले वीस. तो भट्टीत भाजला की त्यावर दुसरा प्रायमर, मग रंग, मग वरची चकाकी, जिला आपण क्लिअर म्हणतो. सगळं मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन, वहीच्या एका पानापेक्षा थोडं जास्त. एवढ्याशा जाडीच्या भरवशावर ती भली मोठी काच बसलेली असते. आणि एकदा नीट धरलं की ते वर्षानुवर्षं धरून राहतं, यात शंका नाही.

बिघडतं ते दोन थरांच्या मध्ये. ईडी जास्त भाजला गेला, मध्ये तेलाचा किंवा सिलिकॉनचा अंश राहिला, वरचा थर पातळ पडला, तर वरचा थर खालच्याला नुसता टेकलेला राहतो. दिसायला गाडी नवी कोरी. त्यात एपॉक्सीला ऊन सोसत नाही. सूर्याचे अतिनील किरण वरच्या थरांतून झिरपून ईडीपर्यंत पोहोचले की त्याचा माथा खडूसारखा भुसभुशीत होतो. काचेच्या खाली ऊन पोहोचत नाही, कारण काचेच्या कडेला जी काळी पट्टी भाजलेली असते ती त्यासाठीच असते. पण छताची पुढची कड उघडी असते. थर तिथे सुटायला लागला की पाणी आत शिरतं आणि सुटणं हळूहळू काचेखाली सरकत जातं. आपल्याकडे एप्रिलमध्ये पत्रा तव्यासारखा तापतो आणि जूनपासून जांबोटी-कणकुंबीचा पाऊस. त्यात रोज घाट, भरलेली गाडी, प्रत्येक वळणाला बॉडी थोडी पिळवटते. सुटत आलेल्या कडेला याच्याहून वाईट काय असणार?

मग काच सुटली तर काय होतं? चालत्या गाडीतून अख्खी काच उडून मागच्या मोटारसायकलवाल्यावर जाऊ शकते, हे लोकांच्या लगेच लक्षात येतं. त्याहून मोठं काम लक्षात येत नाही. गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून जी ताकद लागते, तिच्यातला काही वाटा या चिकटवलेल्या काचेचा असतो. डाव्या सीटची एअरबॅग असेल तर ती फुगताना वर जाऊन काचेवर आपटते आणि काचेच्या आधाराने माणसाकडे वळते. काचच मागे हटली तर एअरबॅग बाहेर जाईल आणि माणूस तिच्या मागोमाग. बेल्ट न लावलेल्या माणसाला गाडीच्या आत ठेवायचं कामही शेवटी ही काचच करते. व्हॅनला पुढे नाक नसल्यासारखंच, ड्रायव्हरचा चेहरा आणि काच यांत हातभर अंतर. रविवारी डाव्या सीटवर कोण बसतं, ते भाऊ, तुम्हाला ठाऊक आहे.

आता तुमच्या पेंटरचं. तो माणूस चांगला असेल, हात साफ असेल, तरी हे काम चार हजारांत होत नाही. तो काच काढणार नाही. रबर उचलून कडेला टेप लावेल, दिसतं तेवढं घासेल, प्रायमर आणि रंग मारेल. बिघाड ज्या पट्टीत आहे ती पट्टी काचेखाली तशीच राहील आणि वरून सुंदर दिसेल. शिट्टी बंद करायला फार तर सिलिकॉनची ट्यूब पिळेल. ती गोष्ट तर कृपा करून होऊ देऊ नका. आंबट वासाचं जे साधं सिलिकॉन हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, त्यातून सुटणारं आम्ल पत्र्याला गंज आणतं. आणि सिलिकॉनचा जो अंश मागे राहतो, त्यावर पुढे पीयूही धरत नाही आणि रंगही धरत नाही. कंपनीच्या माणसाने नंतर नीट काम करायचं म्हटलं तरी त्याच्या वाटेत तो आडवा येतो.

हे मी ठासून सांगतोय कारण माझ्या हातून एकदा चुकलंय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कणकुंबीकडची एक दुधाची व्हॅन आली. काच फुटलेली. आधी कुठेतरी ठोकर होऊन चौकट सरळ करून रंगवलेली होती. रंग छान चकाकत होता. मी नियमाप्रमाणे जुनं पीयू कापलं, मिलिमीटर-दीड मिलिमीटर चौकटीवर ठेवलं, त्यावर नवं भरून काच बसवली. आषाढात गाडी परत आली. वरच्या कोपऱ्यातून पाणी गळत होतं. मला वाटलं पीयूची ट्यूब जुनी निघाली, विक्रेत्याला फोनवर बोलूनही घेतलं. मग काच काढायला तार घातली आणि दोन हात ओढलं, तर पीयूची दोरी कापायची गरजच पडली नाही. ती अख्खी हातात आली. तिची काचेकडची बाजू काचेला घट्ट होती, कुठेच सुटलेली नव्हती. उलटी करून बघितली, तर तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगाची सलग पट्टी चिकटलेली, बोटभर रुंद, टोकापासून टोकापर्यंत. नख लावून बघितलं, पट्टीची खालची बाजू ताटासारखी गुळगुळीत. ज्याने तो रंग मारला होता त्याने खालचा थर पेपरने घासलाच नव्हता. मी त्या रंगावर विश्वास ठेवून काच बसवली होती आणि चार महिने एक कुटुंब त्या काचेमागे बसून घाट चढत-उतरत होतं. कोणाला काही झालं नाही, पण ती पट्टी मी अजून दुकानात खिळ्याला टांगून ठेवली आहे. नवीन पोरगा कामाला आला की आधी ती त्याच्या हातात देतो.

म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण शोरूममध्येही ती चुकू शकते. एरवी काच बदलताना जुनं पीयू थोडं ठेवून त्यावर नवं भरणं हीच चांगली पद्धत आहे, मीही रोज तेच करतो. पण तुमच्या गाडीत त्या जुन्या पीयूखालचा रंगच संशयित आहे. त्यावर नवं भरणं म्हणजे कुजलेल्या वाशावर नवी कौलं घालणं. तपासणीत थर कमजोर निघाला तर काच काढून, जुनं पीयू आणि सुटा रंग पक्क्या थरापर्यंत किंवा पत्र्यापर्यंत खरवडून, कंपनीने सांगितलेला प्रायमर देऊन, तो पूर्ण वाळल्यावरच नवी दोरी फिरवायला हवी. त्या पट्टीवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची नाही, जाड रंगही चढवायचा नाही. हे काम दोन-तीन दिवस मागतं ते उगाच नाही. तुम्ही त्यांना शिकवायला जाऊ नका, फक्त एवढं विचारा, "जुन्या पीयूवरच भरणार का खालपर्यंत साफ करणार?" विचारणाऱ्याला कळतंय हे दिसलं की कामात फरक पडतो.

घरी बघायचं असेल तर नुसत्या डोळ्यांनी बघा. सकाळच्या तिरप्या उन्हात छताची पुढची कड आणि काचेचे चारही कोपरे बघा. कांद्याच्या पातीसारखा रंग उचललाय का, खालचा राखाडी थर किंवा चमकता पत्रा दिसतोय का, रबर एका जागी वर आलंय का, आतून छताच्या कापडावर पाण्याचा पिवळा डाग आहे का. नखाने उकरू नका. आत बसून तळहाताने काच बाहेर ढकलून बघायची सवय बऱ्याच जणांना असते, तेही नको. आणि काही दिसलं नाही म्हणून पत्र बाजूला ठेवू नका, कारण खराबी काचेखाली असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या बाबतीत तर शिट्टी आहे. शिट्टी म्हणजे हवेला वाट मिळाली आहे. ती रबराचीही असू शकते, पण या पत्रानंतर ती रबराचीच आहे असं धरून चालणं मला पटत नाही.

नंबर लागेपर्यंत घाटाची खेप शक्यतो टाळा. भाजीचं एक-दोन दिवसांचं भाडं जाईल, हे मला कळतं. कुणा ओळखीच्या गाडीत माल घाला. गाडी धुताना काचेच्या कडेवर प्रेशरचं पाणी मारू नका. सगळ्या काचा बंद ठेवून दार धाडकन लावलं की आतली हवा पुढच्या काचेला बाहेर ढकलते, म्हणून एक काच दोन बोटं खाली ठेवत जा. काम झाल्यावरही पहिला दिवस हे पाळा. पीयू हवेतल्या दमटपणावर वाळतं, पावसाळ्यात लवकर आणि जानेवारीच्या कोरड्या थंडीत सावकाश. गाडी किती तासांनी चालवायची ते ट्यूबप्रमाणे ठरतं, ते त्यांच्याकडून लिहून घ्या. "लगेच न्या की, काही होत नाही" असं कोणी म्हटलं तर तिथेच चहा पीत बसा.

काच बदलली गेली तर फास्टॅग जुन्या काचेबरोबर जातो. एकदा सोलला की तो चालत नाही, बँकेकडून नवा घ्यावा लागतो. शोरूम कोल्हापूरला असेल तर हत्तरगी आणि कोगनोळीच्या नाक्यावर परतताना हे आठवेल. नवीन नंबरप्लेटबरोबर काचेवर लावतात त्या तिसऱ्या स्टिकरचंही विचारून ठेवा.

आता दुसऱ्या मालकाचं. रिकॉल माणसाच्या नावावर नसतो, चेसिस नंबरवर असतो. तुमच्या आरसीवर तो सतरा अक्षर-आकड्यांचा नंबर आहे. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा फोनवर तो सांगा, तुमची गाडी यादीत आहे की नाही ते लगेच कळेल. यादीत असेल तर गाडी एमएच-09 असो की केए-22, पहिला मालक असो की तिसरा, तपासणी आणि दुरुस्ती कंपनीच्या खर्चाने होते. वॉरंटी संपली, बाहेर सर्व्हिसिंग केलं, ही कारणं इथे लागू नाहीत. सीमाभागात महाराष्ट्राच्या पासिंगच्या गाड्या घेऊन नाव न बदलता चालवणारे खूप जण आहेत, आणि अशीच पत्रं जुन्या पत्त्यांवर पडून राहतात. तुमचे गडहिंग्लजचे गृहस्थ भले, म्हणून कळलं. आरसी अजून त्यांच्याच नावावर असेल तर तेही एकदा मार्गी लावा, आणि कंपनीकडे तुमचा पत्ता आणि फोन नोंदवा.

कायदाही पाठीशी आहे. आपल्या देशात 2012 पासून कंपन्या स्वतःहून रिकॉल करत होत्या. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 110अ आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका होईल असा दोष असेल तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. कंपनीला स्वतःला दोष कळला तर तिनेही सरकारला कळवून गाड्या परत बोलवायच्या असतात. मालकाने दोषाची तक्रार नोंदवायची सोय सरकारच्या वाहन पोर्टलवर आहे. ज्यांच्या गाडीला असाच त्रास आहे पण पत्र आलेलं नाही, त्यांनी ती जरूर वापरावी.

पत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत आलं म्हणून कोणी ते फेकून दिलं, असं मी आपल्या गावांतून दोनदा बघितलं आहे. घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या, पोरं तिन्ही भाषा वाचतात. शोरूममध्ये जॉब कार्डवर सही करताना कामाच्या रकान्यात 'रिकॉल' आणि पत्रातला नंबर लिहिलाय का ते बघा. नुसतं 'रंगकाम' किंवा 'पाणी गळती' लिहिलं असेल तर सही करू नका, ते बदलायला लावा. शिट्टीचं वेगळ्या ओळीत लिहायला सांगा. काम झाल्यावर काय केलं, काच काढली की नाही, हे लिहिलेला कागद मागा आणि आरसीबरोबर ठेवा. उद्या गाडी विकताना घेणाऱ्यालाही तो लागेल.

पैसे मागितले किंवा "सध्या पार्ट नाही" म्हणून महिनोन्महिने फिरवलं, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घाला. तिथे नाही मिटलं तर बेळगावातच जिल्हा ग्राहक आयोग आहे. गाडी महाराष्ट्रात घेतलेली असली तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, आणि मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. लेखी मेल गेला की शोरूमचा सूर बदलतो.

जायच्या दिवशी गाडी रिकामी आणि कोरडी न्या. आदल्या दिवशी शिट्टीची जागा आतून शोधून काचेवर स्केचपेनने खूण करा, बाहेरून काही चिकटवू नका. नुसतं "आवाज येतो" म्हटलं की माणूस आवारात एक फेरी मारून "काही नाही" म्हणतो. साठच्या पुढे वाजते, डावीकडून वाजते, असं सांगून त्याला हायवेवर बरोबर घेऊन जा. आणि काच काढली तर भाऊ, माझं एवढं काम करा: पीयूची काढलेली दोरी फेकायच्या आधी तिच्या पाठीचा एक फोटो काढून पाठवा. पांढरी पट्टी चिकटून आली आहे का, आणि तिची खालची बाजू राखाडी आहे की धातूसारखी चमकते, हे मला बघायचंय.